रकाना नऊ

डॉक्टर उस्मान सुदानचे.
पेनाचं टोपण दातात धरून फॉर्म माझ्याकडे सरकवतात.
नऊ नंबर तुम्हीच भरा, म्हणतात, रविवारी आणून द्या.
नऊ नंबर: इजा कशी झाली.

त्यांनी कोरा का सोडला ते मला कळतं.
घरच्या जिन्यावर पाय घसरला, असं लिहिलं
तर कंपनीचं विमाकार्ड पैसे देतं.
शाळांच्या स्पर्धेत, असं लिहिलं
तर पान सतरा, बारीक टाइप,
‘स्पर्धात्मक खेळ वगळून.’
सरड्याची धाव कुंपणापर्यंत,
कार्डाची वाळूच्या खड्ड्यापर्यंत.

शाळेचाही विमा आहे म्हणे.
क्रीडाशिक्षकांनी फोनवर सांगितलं, प्रथमोपचार,
आणि पन्नास रियालपर्यंत.
बर्फाच्या दोन पिशव्या त्यातच धरल्यात.

ऑपरेशन चौदाशे ऐंशी रियाल.
पगार तीनशे नव्वद.

मी सोहारच्या बंदरात वजनकाट्यावर बसतो.
ट्रक चढतो, आकडा थरथरतो,
थांबला की लिहितो.
अकरा वर्षांत एकदाच चाळीस किलो कमी लिहिले,
हर्णैच्याच माणसाचा टेम्पो होता.
कुणाला कळलं नाही.
मला अजून आठवतात, चाळीसच्या चाळीस.

तेव्हा जिना लिहायला काय हरकत आहे?
आमच्या इमारतीला जिना आहे,
तिसऱ्या मजल्यावरची फरशी खरंच सुटलेली आहे.
बायको म्हणते, खोटं तरी कुठे,
कधीतरी कुणीतरी पडणारच तिथे.

तहूराला लहानपणी मीच सांगायचो,
अंथरूण पाहून पाय पसर.
आता पसरून ठेवलाय पाय, दोन उशांवर,
गुडघा शहाळ्याएवढा.
भिंतीकडे तोंड करून ती सगळं ऐकते आहे.

अब्बा, जिना लिहिलात
तर माझी उडी कुठे जाईल?

उडी कुठे जाणार?
झाली की ती, मी म्हणतो.

पांढरा झेंडा वर गेला होता, ती म्हणते.
फळीच्या पुढे अंगठासुद्धा नव्हता.
मस्कतची ती उंच मुलगी टाळ्या वाजवत होती,
माझ्यामुळे दुसरी झाली तरी.
खाली आले तेव्हा आत काटकी मोडल्यासारखा आवाज झाला.
पण त्याच्या आधी मी वर होते, अब्बा.
जिन्यावरून पडलेल्या मुलीला
कोण विचारतं, किती लांब?

प्रमाणपत्र आलेलं नाही. येईल म्हणतात.
मी त्या दिवशी ड्यूटीवर होतो.
कुणाच्या तरी मोबाइलवर चित्रफीत आहे म्हणे,
त्यात पुढे उभ्या बाईची छत्रीच जास्त दिसते.

रात्री एसीचं पाणी बादलीत ठिबकतं.
मी पाकिटाच्या पाठीवर मांडत बसतो:
भिशी दोनशे. पुढच्या महिन्याची उचल.
बायकोच्या पाटल्या, त्या मी लिहितो, खोडतो,
परत लिहितो.
दापोलीच्या मेहुण्याला दिलेले
धरायचे की बुडाले समजायचे?
ओरिगावची बेरीज लागत नाही,
ओढूनताणूनही नऊशेच्या आत राहते.
स्वयंपाकघरात भांडी जरा मोठ्याने लागतात.

मग फॉर्म पुढे ओढतो.
काट्यावर लिहितो तसंच,
आकडा थांबल्यावर:
लांब उडी. शाळांची स्पर्धा. पाच मीटर बारा.

ती कोपरावर उठून वाचते.
चौदा, म्हणते.

मी बारा खोडतो, वर चौदा लिहितो,
शेजारी छोटी सही,
खाडाखोडीला लागते तशी.

उत्तर कामाच्या पंधरा दिवसांत येतं.
शुक्रवार, शनिवार त्यात धरत नाहीत.